शेवटचा पाव फेरा

माझी बायको गुन्वोर गेल्याचं मला कळलं तो जानेवारीतला मंगळवार होता. मी तळमजल्यावर सुतारकामाच्या खोलीत एका खुर्चीचा पाय बसवत होतो. दारावर थाप पडली म्हणून वर गेलो, तर पाद्रीबाई उभ्या. आमच्या खोऱ्यात पाद्री भर दुपारी न सांगता दारात आले की माणूस काय ते समजतो. पण त्यांचं पहिलं वाक्य वेगळंच होतं. त्या म्हणाल्या, "तोर्ग्रिम, काहीतरी जळतंय."

कॉफीची किटली जळत होती. पाणी आटून बूड लाल झालं होतं आणि मी तिच्या शेजारून चालत दारापर्यंत आलो होतो. पाद्रीबाई बुटांसकट आत गेल्या, शेगडी बंद केली, खिडकी उघडली. मग मला खुर्चीत बसवून सांगितलं. दुकानासमोर, दोन्ही हातांत पिशव्या असताना, डोक्यातली शीर फुटली. ती खाली पडेपर्यंत सगळं संपलं होतं.

मला वास येत नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी मोठा ताप आला, त्यात गेला तो परत आलाच नाही. हे फक्त गुन्वोरला माहीत होतं. "दूध नासलंय, ओत ते." "शर्ट बदल." "तवा उतरव." एवढं ती दिवसातून चार वेळा म्हणायची आणि माझं भागायचं. बाकी कुणाला सांगायची वेळच आली नाही. ती गेल्यावर सांगायची लाज वाटली.

दफनानंतर चर्चच्या खालच्या दालनात कॉफी होती. केक कापायच्या आधीच सुन्निवाने विषय काढला. ती आमची थोरली, तिरिलची आई. मनात आलेलं पोटात ठेवणं तिला कधी जमलं नाही.

"बाबा, ईस्टरला मी तिरिलला घेऊन वर येणार नाहीये."

"का?"

"वरचा गॅस आई बघायची. तू कधी हात लावलायस?"

डोंगरातलं ते घर गुन्वोरच्या वडिलांनी बांधलं. तिथे वीज नाही. शेगडी आणि फ्रिज प्रोपेन गॅसवर चालतात, बाकी लाकूड आणि रॉकेलचे दिवे. शेत तिच्या भावाला, ओद्वारला मिळालं आणि वरचं घर तिला. गॅसचं सगळं ती तिच्या वडिलांकडून शिकली होती. चव्वेचाळीस वर्षं ती ते करताना मी पाहिलं, पण पाहिली ती तिची पाठ. हात पाहिले नाहीत.

"मला सगळं येतं," मी म्हणालो.

"सगळं म्हणजे काय?"

"सुन्निवा, मी सुतार आहे. मला एक नट लावता येणार नाही?"

आयविन्, माझा मुलगा, मध्ये पडला. "सोड ना ताई. बाबांच्या हाताने या खोऱ्यातली अर्धी घरं उभी आहेत."

सुन्निवा माझ्याकडे बघत राहिली. "ठीक आहे. पण सगळं येतं असा शब्द दे."

मी शब्द दिला.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी मी आणि ओद्वार वर गेलो. त्याच्या स्नो-स्कूटरमागे घसरगाडी जोडली होती. तिच्यावर अकरा किलोची पोलादी टाकी, संत्र्यांची पेटी आणि त्याची बादली. तो दर शरदात ट्राउट मासा मीठ लावून मुरवायला ठेवतो आणि हिवाळाभर पुरवून उरलेला ईस्टरला वर आणतो. बादली ठेवायची जागाही ठरलेली, स्वयंपाकघराखालच्या तळघरात, बटाट्यांशेजारी. गुन्वोर म्हणायची, "माझ्या भावाला भेटायच्या आधी त्याच्या माशाचा वास भेटतो."

टाकीचं लाकडी कपाट घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे. पलीकडे स्वयंपाकघर. भिंतीतल्या भोकातून नळी आत जाते. कपाटाच्या तळाशी हात जाईल एवढी एक उघडी फट आहे. तिच्यावरून आमचं लग्नापासून चाललेलं होतं. शरदात घर बंद करताना मी त्या फटीत लोकरीचे बोळे कोंबायचो. लेमिंग उंदीर फार झालेलं वर्ष असलं की ते तिथूनच घुसतात. ईस्टरला आल्या आल्या गुन्वोर ते बोळे उपसून काढायची.

"हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तोर्ग्रिम. पाण्यासारखा खाली जातो. त्याला बाहेर वाहायला वाट लागते."

"आणि उंदरांना आत यायला वाट लागते," मी म्हणायचो.

"उंदरांनी आजवर कुणाचं घर उडवलेलं नाही."

हे आम्ही दर वर्षी बोलायचो आणि दर वर्षी हसायचो. मला तो आमचा खेळ वाटायचा.

"दे, टाकी मी जोडतो," ओद्वार म्हणाला.

"मी जोडणार आहे."

"अरे, मी मागे गुन्वोरबरोबर दोन-तीनदा—"

"ओद्वार, माझं घर आहे. छतावरचं बर्फ काढ तू."

मी असं बोलायला नको होतं. घर खरं तर त्याच्या बापाचं. तो फावडं घेऊन शिडी चढला.

मी एकटा कपाटापाशी बसलो. खालची फट बर्फाखाली होती, म्हणून दिसली नाही आणि आठवलीही नाही. रेग्युलेटरचा नट आट्यांवर धरेना. बराच वेळ खटपट केल्यावर लक्षात आलं की हे आटे उलटे आहेत, डावीकडे फिरवल्यावर घट्ट होणारे. डावीकडे फिरवला, धरला, बसला. मग मी पाना लावला. पन्नास वर्षं मी प्रत्येक स्क्रू, प्रत्येक बोल्ट लावल्यावर शेवटी उजवीकडे एक पाव फेरा देत आलोय. त्याने काम पक्कं होतं. तो पाव फेरा मी दिला. डोक्याने नाही दिला, हाताने दिला.

आत गेलो. शेगडी निळी पेटली. फ्रिजची ज्योत पेटली. खिळ्याला गुन्वोरचा ब्रश टांगलेला होता, आयविन्चा लहानपणीचा रंगाचा ब्रश. ती साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडाला लावायची आणि बुडबुडे येतात का बघायची. साबणाची बाटली गोठून दगड झाली होती. म्हटलं, वितळली की करू.

गुरुवारी दुपारी सगळे आले. तिरिलचे वडील समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर पाळीला होते, म्हणून सुन्निवा आणि तिरिल दोघीच. आयविन् आणि त्याची बायको डोर्ते. डोर्ते डेन्मार्कची. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आमच्यात ती अजून सपाट देशाची पाहुणीच.

सुन्निवाने स्की काढायच्या आधी विचारलं, "गॅस कुणी जोडला?"

ओद्वार मागे लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचा आवाज येत होता.

"ओद्वार होता ना बरोबर," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. सुन्निवाचे खांदे खाली आले. "बरं झालं. मामाला येतं ते." मग तिने पिशवीतून एक डबी काढली. गॅसचा अलार्म. शहरातून विकत आणलेला. "आयविन्, हा लाव."

आयविन् स्टुलावर चढला आणि धुराच्या अलार्मशेजारी, छताला, तो स्क्रूने बसवला. खाली उतरून हात झटकले. "झालं. आता आजोबांनी पादलं तरी वाजेल."

तिरिल हसून लोळली. तिला नुकतं सातवं लागलं होतं. मीही हसलो.

यापुढचं थोडं डोर्तेचं आहे. तिने मला नंतर सांगितलं तसं लिहितो.

तिला वास गुरुवारी संध्याकाळीच आला. ती भांडी पुसत होती. तळघराच्या झाकणाच्या फटीतून काहीतरी कुजकट, लसणासारखं वर येत होतं.

"कसला तरी वास येतोय," ती म्हणाली.

आयविन् पत्ते पिसत होता. "आला का? लोकहो, डोर्तेला वास आलाय!"

"खरंच येतोय."

"मामाचा मासा आहे तो. पहिल्या ईस्टरला तू म्हणाली होतीस की खाली कुणीतरी मेलंय."

"मग? चुकली होती का?" ओद्वार म्हणाला. "मासा मेलेलाच होता."

सगळे हसले. डोर्तेही हसली. तिला त्या हसण्यात सामील व्हायची सवय झाली होती. वास पहिल्या वर्षापेक्षा वेगळा आहे असं तिला वाटत होतं. पण तिची सासू असती तर तिने एकदा तरी वाकून बघितलं असतं, आणि सासू नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी झाकणापासून दोन हातांवर बसून संत्रं सोलत होतो. मला काही वाटत नाही म्हणजे काही नसेल, असं तिने धरलं. घर माझं, तळघर माझं.

रात्री तिने पुन्हा आयविन्ला उठवलं. तो म्हणाला, "अलार्म वाजला का? नाही ना? मग झोप. ती खुनाची पुस्तकं वाचणं कमी कर." ईस्टरला आमच्याकडे सगळेच खुनाच्या गोष्टी वाचतात, आणि डोर्ते तर दोन घेऊन आली होती.

गुन्वोर रोज झोपायच्या आधी बाहेर जाऊन टाकीचा कॉक बंद करायची. त्या रात्री कुणीच गेलं नाही. मी विसरलो.

शुक्रवारी सकाळी ऊन इतकं लख्ख होतं की बर्फाकडे बघवेना. आयविन् तिरिलला घेऊन उतारावर गेला. पुढच्या खोलीतली लोखंडी चूल मी सकाळीच पेटवली होती. साडेअकराच्या सुमाराला सुन्निवा म्हणाली की बटाटे उकडायला घेऊ आणि मामाचा मासा काढू. खाली अंधार असतो, म्हणून तिने मेणबत्तीचा कंदील पेटवला आणि झाकणाच्या कडीत बोट घातलं.

डोर्ते ताटं मांडत होती. ती म्हणते, त्या क्षणी तिने काही विचार केला नाही. ती दोन पावलांत तिथे गेली आणि कंदिलाची काच वर करून मेणबत्ती फुंकली.

"वेडी आहेस का तू?" सुन्निवा ओरडली.

"झाकण उघडू नकोस."

"डोर्ते, पुरे हं. एक मासा आहे तो! अकरा वर्षं आम्ही ऐकतोय, हे घाण, ते घाण, चीज घाण—"

"मासा आंबट असतो. हे आंबट नाहीये. सुन्निवा, खाली वाक. माझ्यासाठी नको वाकूस, तिरिलसाठी वाक."

सुन्निवा गुडघ्यावर बसली. नाक फटीला लावलं. मी दारात उभा होतो. तिचा चेहरा पालटताना मी पाहिला.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "बाबा, तुला हा वास येत नाहीये?"

मी काय बोललो ते आठवत नाही. तेवढ्यात ओद्वार लाकडाचा भारा घेऊन आत आला. उंबऱ्यातच थांबला. त्याने भारा खाली टाकला नाही, हळूच टेकवला.

"सगळे बाहेर," तो म्हणाला. "आत्ता. काही उचलू नका. काही पेटवू नका, टॉर्चसुद्धा नाही. शेगडीवर काय आहे?"

"काही नाही, बंद आहे," डोर्ते म्हणाली.

"फ्रिज?"

फ्रिजच्या मागे ज्योत जळत होती. जमिनीपासून वीतभर वर. आम्ही चौघांनी तिच्याकडे पाहिलं.

"आणि चूल," मी म्हणालो. "पुढच्या खोलीत."

"चुलीचं दार उघडायचं नाही. पाणी ओतायचं नाही. चला!"

आम्ही पायमोज्यांवर बर्फात बाहेर पडलो. डोर्तेने जाता जाता दोन्ही दारं सताड उघडी टाकली. सुन्निवा उताराकडे धावत सुटली, "आयविन्! तिला घेऊन तिथेच थांब! वर येऊ नको!" तिरिलला वाटलं खेळ चाललाय. तिने दोन्ही हात हलवले.

ओद्वार कपाटाकडे गेला. मी त्याच्या मागे. "तू नको येऊस," तो म्हणाला, पण मी गेलो. त्याने आधी टाकीचा कॉक बंद केला. मग रेग्युलेटरच्या नटाला हात लावला. पाना लागला नाही. दोन बोटांनी नट फिरला.

 मग त्याने हातांनी बर्फ उकरून खालची फट मोकळी केली आणि बोळे ओढून काढले. एक, दोन, तीन. राखाडी लोकर होती. माझे जुने पायमोजे, गुन्वोरने विणलेले, टाचा गेल्यावर मी फटीसाठी ठेवलेले.

"बाहेर जायला वाटच नव्हती," ओद्वार म्हणाला. "म्हणून गॅस नळीच्या भोकातून आत गेला, आणि आत गेल्यावर खाली."

 त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. टाकी कुणी जोडली ते त्याला माहीतच होतं.

घरापासून शंभर पावलांवर, जुन्या गोठ्याच्या भिंतीला टेकून आम्ही बसलो. आयविन् टेकाडावर चढला, कारण फोन फक्त तिथेच लागतो. अग्निशमनवाल्यांनी सांगितलं की टाकी बंद केलीत ते चांगलं झालं, आता कुणीही आत जाऊ नका, चूल आपोआप विझू दे, वारा खेळू दे, आणि फिटर तपासेपर्यंत गॅस जोडू नका. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. तो ऐकून आयविन् खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता.

"अलार्म किती उंचीवर आहे, विचारलं त्यांनी," तो म्हणाला. "मी म्हटलं, छताला. तर ते म्हणाले, प्रोपेनचा अलार्म जमिनीलगत लावतात. छताला लावला तर आपण गेल्यावर वाजेल." तो डोर्तेकडे बघत होता. "मी रात्री तुला म्हणालो—"

"मला आठवतंय काय म्हणालास ते," डोर्ते म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

घराच्या धुराड्यातून धूर येत होता. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. तो पातळ होत होता, पण थांबत नव्हता. तिरिल आयविन्च्या जॅकेटमध्ये गुंडाळून बसली होती.

"आई, घर फुटणार आहे का?"

"नाही," सुन्निवा म्हणाली. मग थोड्या वेळाने, "माहीत नाही, बाळा."

चाळीसएक मिनिटं अशीच गेली. मग सुन्निवाचा धीर सुटला.

"मामा. टाकी तूच जोडलीस ना?"

ओद्वारने मान वर केली.

"बाबा म्हणाला, तू होतास. मी तेवढ्यावर तिरिलला त्या घरात झोपवलं. तपासलं नाहीस तू? आई प्रत्येक जोडाला साबण लावायची. तिने तुझ्यासमोर लावलाय!"

"सुन्निवा," आयविन् म्हणाला.

"नाही, बोलू दे मला. आईला तुझ्यावर भरवसा होता, मामा. मलाही होता."

ओद्वार माझ्याकडे वळला. मी बोलेन एवढा वेळ तो थांबला. बराच वेळ होता तो. मी माझ्या पायमोज्यांवर चिकटलेलं बर्फ खरवडत होतो.

"नट सैल होता," ओद्वार म्हणाला. "बघायला हवा होता मी. चुकलं माझं."

तो उठला. त्याची स्की गोठ्याला टेकवलेली होती आणि स्कीचे बूट स्कूटरवर. त्याने बूट चढवले. स्कूटर घेतली नाही. "तुम्हाला सामान न्यायला लागेल ती," एवढंच म्हणाला, आणि स्कीवर खाली निघाला. झाडांत शिरेपर्यंत त्याची लाल टोपी दिसत होती. चालताना तो गुन्वोरसारखा डाव्या खांद्याने किंचित झुकतो. ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

 डोर्ते माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या खिशात एक संत्रं होतं. तिने ते सोलायला घेतलं. साल माझ्या तोंडाजवळ धरून मोडली, रस उडाला. मी धुराड्याकडे बघत होतो.

"तोर्ग्रिम," ती हळू म्हणाली, "तुझ्या नाकाखाली मी काय धरलंय?"

मी खाली पाहिलं तेव्हा मला संत्रं दिसलं.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे."

"गुन्वोरला माहीत होतं?"

"तिलाच."

तिने एक फोड मला दिली. मी खाल्ली. गोड एवढंच कळलं. "आणि त्या कपाटापाशी पाना पडलाय," ती म्हणाली. "निळ्या मुठीचा, तुझ्या हत्यारांसारखा. तो ओद्वारचा नाहीये."

तिने आणखी काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर कदाचित मी पुन्हा काही अर्धंमुर्धं बोललो असतो. मी सुन्निवाला हाक मारली. आयविन्ही आला.

"नट मी लावला," मी म्हणालो. "ओद्वारने दोनदा विचारलं, मी नाही म्हटलं. आटे उलटे आहेत. मी शेवटी सवयीने उजवीकडे फिरवला. साबण लावला नाही. बोळे काढले नाहीत. रात्री कॉक बंद केला नाही. आणि मला वास येत नाही."

सुन्निवा ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने झाडांकडे पाहिलं, जिथे लाल टोपी दिसेनाशी झाली होती.

"आणि मी त्याला बोलत होते तेव्हा तू इथे बसला होतास."

"हो."

"समोर."

"हो."

"नट सैल राहिला ते मी समजू शकते, बाबा. आईचं काम होतं ते, तुला नव्हतं येत. नाक गेलं तेही समजते. पण हे..." तिने बाहीने डोळे पुसले. "मी मामाला फोन करून माझ्यापुरती माफी मागणार आहे. पण नट कुणी लावला ते मी सांगणार नाही. ते तू जाऊन सांगायचंस."

"त्याला माहीत आहे, सुन्निवा."

"त्याला माहीत आहे हे मलाही कळतंय. तरी तू सांगायचंस. सांगशील त्यानंतर तिरिल इथे येईल. त्याआधी नाही."

"ताई, जरा जास्त होतंय," आयविन् म्हणाला.

"नाही होत," डोर्ते म्हणाली. ती सुन्निवाच्या बाजूने बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. सुन्निवाने तिच्याकडे पाहिलं, मग सरकून तिला गोठ्याच्या भिंतीशी जागा करून दिली. दोघी एकाच फळीवर बसल्या.

धुराड्यातला धूर दोनच्या पुढे थांबला. साडेतीनला मी आणि आयविन् आत गेलो. त्याने आधी वास घेतला, मला थांबवून ठेवलं, आणि मग मान हलवली. तळघराचं झाकण त्याने दोरी बांधून दुरून ओढलं आणि ते तासभर तसंच उघडं ठेवलं. सामान बांधून संध्याकाळच्या आत आम्ही खाली आलो. टाकी बाहेर बर्फात उभी राहिली.

आता सप्टेंबर आहे. फिटर मे महिन्यात येऊन गेला. नळी नवी, रेग्युलेटर नवा, एका बोटाने टक करून बसणारा, फिरवायचं काही नाही. अलार्म जमिनीपासून वीतभरावर आहे. साबणाची बाटली मी खाली घरी ठेवतो आणि वर जाताना खिशातून नेतो, गोठू नये म्हणून. जोडांना साबण लावतो आणि बुडबुडे डोळ्यांनी बघतो, त्याला नाक लागत नाही. रात्री कॉक बंद करायला बाहेर जातो. फट उघडी आहे. गेल्या आठवड्यात दोन लेमिंग आत आले आणि पिठाची पिशवी फोडून गेले. मी फट बुजवली नाही.

उन्हाळ्यात तिरिल आली नाही. सुन्निवा फोन करते, हवापाण्याचं बोलते, आणि शेवटी विचारते, "गेलास?" मी म्हणतो, "जाईन."

ओद्वारची बादली मी घासून ठेवली आहे. डोर्ते म्हणते बादलीचा वास अजून गेलेला नाही. मी डोर्तेच्या शब्दावर विश्वास ठेवतो. बादली तीनदा गाडीत घातली. दोनदा त्याच्या फाटकापर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी तो अंगणात लाकडं रचत होता. त्याने मान वर केली आणि ओंडका हातात धरून थांबला. मी गाडी पुढे नेली.

बादली द्यायची राहिली आहे. नट मी लावला होता, हे ओद्वारला सांगायचं राहिलं आहे.